हात धुवून ये

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. या सदरातले तुम्हा सगळ्यांचे अनुभव मी गुपचूप वाचत आलो, कधी साधा प्रतिसादही दिला नाही. एक तर मला बोलायची सवय कमी. आणि दुसरं म्हणजे, माझ्या गोष्टीत आधी मी काय केलं ते सांगावं लागतं, मग माझ्या बाबतीत काय घडलं ते. पहिलं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून दुसरंही राहिलं.

भूत, करणी, बाहेरचं... यावर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतंच, सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही — हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलंय की ते माझ्या तोंडचं वाक्यच झालंय. तेव्हा पुढचं वाचून कोणी मला वेड्यात काढलं तरी माझी तक्रार नाही.

काळ नव्वदच्या दशकाचा मधला. मी मूळचा साताऱ्याचा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून सांगलीत एका डीटीपी सेंटरमध्ये नोकरीला लागलो होतो. मालकांना सगळे आबा म्हणायचे. आबांचा मूळ धंदा हळदीचा. कोणीतरी डोक्यात भरवलं की आता छपाईत पैसा आहे, म्हणून त्यांनी एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली, एसी बसवला आणि एक मशीन, एक लेझर प्रिंटर आणला. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, उत्तरकार्याची कार्डं — सगळं आमच्याकडे टाइप होऊन ट्रेसिंग पेपरवर निघायचं आणि मग प्रेसला जायचं.

त्या खोलीचे नियम देवघरासारखे होते. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना हसू येईल, पण बहुतेक ठिकाणी असंच असायचं. चपला जिन्याखाली. पाय धुवून, पुसून आत. एसी मशीनसाठी; आपल्याला गार वाटलं तर तो प्रसाद. गुरुवारी मॉनिटरला उदबत्ती. दसऱ्याला झेंडूचा हार, आणि सीपीयूवर गंधाचं बोट. आबा स्वतः कीबोर्डला कधी हात लावत नसत. म्हणत, "माझं हात हळदीचं. मशीन पिवळं पडायचं."

त्या एका मशीनवर आम्ही दोघं होतो. सकाळी मारुती, दुपारनंतर मी. मारुती आटपाडीकडचा. घरची मेंढरं, पावसाळा सोडला तर वर्षभर रानोमाळ. घरात शिकलेला हा पहिलाच. रविवारी तो मेंढरं जिथे बसलेली असतील तिथे आई-मामाला भेटायला जायचा आणि सोमवारी सकाळच्या एसटीने थेट कामावर यायचा. कपड्यांना लोकरीचा आणि चुलीच्या धुराचा वास असायचा. मी नाक दाबून दाखवायचो. तो हसायचा.

"आवं सुहासराव, तुमच्या सेंटापरीस बरा हाय. मेंढरं वळखत्यात तरी मला. तुमाला वळखतंय का कोण?"

त्याची बोटं चालायची तशी मात्र मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाहीत. मराठीचा कीबोर्ड सगळ्यांना अवघड जायचा. हा बोलता बोलता, खिडकीबाहेर बघत टाइप करायचा. गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "मारुती हाय का? मग येतो उद्या सकाळच्याला." मी समोर बसलेला असताना.

मग आबांनी साताऱ्याला दुसरं सेंटर काढायचं ठरवलं. एका दुपारी चहा पिताना मला म्हणाले, "तितं मारुतीला बसवू या. खोली देऊ. त्येचं लगीनबी जुळतंय. पोरीच्या बापाला कॉम्प्युटरवाला जावई पायजे."

मला सातारा हवं होतं. आई तिथे एकटी होती, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण वेगळं होतं. मेंढरांमागून आलेला पोरगा माझ्या पुढे चालला होता आणि ते मला सहन होत नव्हतं. इतकंच.

आता मी काय केलं ते. मशीन सुरू केलं की आधी काळ्या स्क्रीनवर एक प्रश्न यायचा — कोण बसलंय. मारुतीने एम दाबायचा, मी एस. त्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या कामाची फोल्डरं उघडायची. ही सोय मीच करून दिली होती. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सिस्टिमच्या फाइलींमध्ये त्यांच्यासारखंच नाव देऊन लपवला. एम दाबला की स्क्रीन पुसली जायची आणि मधोमध एक ओळ यायची. मशीन ज्यावर चालायचं त्या डॉसमध्ये मराठी दिसत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत — हात धुवून ये. कोणतंही बटण दाबलं की ओळ जायची आणि काम सुरू व्हायचं.

आणि एक केलं. एम दाबताना डाव्या हाताने शिफ्ट दाबून धरली, तर ती ओळ येत नसे. हे फक्त मला ठाऊक होतं.

सुरुवात चेष्टेनेच झाली, असं म्हणायचा मोह होतो. चेष्टा असती तर शिफ्टची सोय मी केली नसती.

पहिल्या सोमवारी मी मुद्दाम सकाळीच गेलो. मारुतीला हसूच आलं. "सुहासराव, ही तुमचीच करामत दिसत्या."

"माझी? बघू सरक." मी मशीन पुन्हा सुरू केलं, शिफ्ट धरून एम दाबला. काही आलं नाही. "कुठे काय?"

त्याने दाबला. ओळ आली.

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग उठून बाहेर गेला, धुवून आला, शर्टाला पुसत पुन्हा दाबला. ओळ आली. त्या दिवशी त्याने खिडकीबाहेर बघून टाइप केलं नाही.

आठवड्याभरात आबांनी ते पाहिलं. "ह्ये कुणी लिवलं रं?"

"कोणी लिहिलं नाही आबा. बाहेरून काहीतरी मशीनमध्ये शिरलंय. असले नको ते प्रोग्रॅम फ्लॉपीतून येतात. मी साफ करतो."

आणि मी साफ करायचं नाटक केलं. ते करायची खरी पद्धत मला चांगली माहीत होती. स्वच्छ फ्लॉपी घ्यायची, तिचं कोपऱ्यातलं बटण सरकवून ती लिहिण्यासाठी बंद करायची, म्हणजे आजारी मशीनचं तिच्यावर काही उमटत नाही. त्या फ्लॉपीवरूनच मशीन सुरू करायचं, सगळी डिस्क तपासायची, सुरुवातीला आपोआप काय काय चालतं ते ओळ न् ओळ वाचायचं आणि अनोळखी दिसेल ते काढायचं. हे सगळं मी आबांसमोर अगदी बरोबर केलं, फक्त माझ्याच ओळीवरून नजर पुढे नेली. मग शिफ्ट धरून एम दाबला. काही नाही. "झालं आबा."

"मारुती, आता तू दाब."

ओळ आली.

आबांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग मारुतीच्या. एकच मशीन, एकच बटण, दोन हात. हळदीच्या व्यापाऱ्याला यात तिसरं काही दिसायचं कारण नव्हतं. म्हणाले, "मशीन ह्येच्या हाताला नगं म्हणतंय." मग माझ्याकडे वळले. "सुहास, तू शिकलायस. आसं हुतंय का?"

मला तिथे थांबता आलं असतं. मी म्हणालो, "नाजूक मशीन आहे आबा. लोकरीची धूळ, तेलकटपणा... काही सांगता येत नाही."

एवढंच बोललो. आयुष्यात याहून वाईट वाक्य मी बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी दाराशी डेटॉलचं घमेलं आलं. मारुतीने आत येताना कोपरापर्यंत हात बुडवायचे. आठवडाभराने आबांनी ते पाणी कमी आणि डेटॉल जास्त करायला सांगितलं. कपडे बदलून ये, केस काप, रविवारी मेंढरांकडे जाऊ नको... मारुती सगळं करत होता. रविवारी तो खोलीवर एकटा पडून राहायला लागला. आईला निरोप धाडला, काम फार आहे. सोमवारी मात्र ओळ यायचीच.

त्याच्या बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या. एके दुपारी मी बसलो तेव्हा कीबोर्डवर रक्ताचे बारीक डाग होते. मी आबांना हाक मारून ते दाखवले. हो, मीच दाखवले.

त्या दिवसापासून मारुतीला उंबऱ्याच्या आत बंदी झाली. तो दारात स्टूल टाकून बसायचा आणि मजकूर वाचून दाखवायचा; मी टाइप करायचो. माझ्या चुका तो तिथूनच, स्क्रीन न बघता सांगायचा. "सुहासराव, वेलांटी दुसरी पायजे." नुसत्या बटणांच्या आवाजावरून त्याला कळायचं.

अशातच मुलीचे वडील आले. आटपाडीकडचेच, डोक्याला लाल पागोटं, धोतर स्वच्छ. होणारा जावई कॉम्प्युटरवर बसलेला त्यांना बघायचा होता. जिना चढून आले तर जावई दारात, पायपुसण्याशेजारी.

"हितं का बसलायस रं?"

मारुती स्टुलावरून उठला. आबांनी आतूनच सांगितलं, वाईट हेतूने नाही, नेहमीच्या आवाजात, "पावनं, त्येच्या हाताला दोष हाय कायतरी. मशीन घेत न्हाई त्येचा हात."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "आवं, तुमी बसताय न्हवं मशीनवर? तुमी सांगा. खरं हाय का ह्ये?"

मारुतीही माझ्याकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, ते मला अजून टोचतं. त्याला वाटत होतं की मी सांभाळून घेईन.

मी म्हणालो, "आता मी काय बोलणार."

म्हातारा चहा न घेता उतरला. मोडलेल्या सोयरिकीचं कारण आटपाडीच्या बाजूला पसरायला वेळ लागला नाही. गावात ते आणखी वाढलं असणार — हाताला रोग आहे, लागण आहे. मारुती एकदाच त्यावर बोलला. "मामी म्हणत्या, तुझ्या हातनं पाणी नगं." आणि हसला. तसं हसू पुन्हा कोणाचं पाहू नये.

मी प्रोग्रॅम काढणार होतो. खरंच. सातारा मला मिळाल्याचं आबांनी सांगितलं होतं, आता त्याची गरज नव्हती. शनिवारी काढू म्हटलं, शनिवारी काम होतं. सोमवारी काढू म्हटलं.

त्या सोमवारी मारुती उशिरा आला. दोन्ही हात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले. कळपाकडे गेला होता. गोचीड मारायला मेंढरांना जे औषध लावतात, ते पाणी न घालता घमेल्यात ओतून त्यात हात धरून बसला होता. किती वेळ, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"आबा, आता एकडाव बसू द्या. आता काय ऱ्हायलं नसंल हाताला."

आबांनाही गलबलून आलं असावं. त्यांनी मान हलवली. मारुतीने उजव्या हाताचं फडकं सोडलं. बोटांवर कातडी अशी नव्हतीच, नुसतं ओलं लाल होतं. मी मशीन सुरू केलं. पुढे होऊन शिफ्ट धरली असती तर... पण मी उभाच राहिलो. त्याने दातावर दात धरले आणि एम दाबला.

हात धुवून ये.

तो रडला नाही. बोट बटणावर तसंच ठेवून ओळ वाचत राहिला. आबा म्हणाले, "सुहास, ह्येला यष्टीत बसवून ये बाबा. घरी जाऊ दे."

मी स्टँडवर गेलो त्याच्याबरोबर. चहा घेतला. त्याला कप धरता येईना म्हणून मी बशी तोंडाला लावली. आटपाडीची गाडी लागली तेव्हा खिडकीतून म्हणाला, "तुमी लय केलं सुहासराव माझ्यासाठी. सारखं साफ करीत हुता. माझ्याच हाताचं हाय त्ये."

परत येऊन मी प्रोग्रॅम पुसला. तेवढ्याने भागेना म्हणून अख्खी डिस्क फॉरमॅट केली, सगळं नव्याने टाकलं. ज्या फ्लॉपीवर मूळ प्रत होती ती कात्रीने कापली. हे नीट लक्षात ठेवा. त्या प्रोग्रॅमची जगात कुठेही दुसरी प्रत नव्हती.

इथून पुढचं मला समजलेलं नाही.

महिन्याभराने मी साताऱ्याला गेलो. राजवाड्याच्या बाजूला गाळा होता. पुण्याहून नवीन मशीन आलं, खोक्याची पट्टी मी स्वतः फोडली. सगळी जोडणी केली, बटण दाबलं. सुरू होताना मोजतं तशी मशीनने मेमरी मोजली, आणि मग स्क्रीन पुसली जाऊन मधोमध ओळ आली. हात धुवून ये.

त्या मशीनवर तो प्रोग्रॅम नव्हता. कोण बसलंय हा प्रश्न नव्हता, एम नव्हता. डिस्कमध्ये काहीच टाकलेलं नव्हतं, डॉससुद्धा नाही.

मी एक बटण दाबलं. दुसरं. माझी मूळ ओळ कोणत्याही बटणाने जायची. पण ही ओळ जात नव्हती. मशीन बंद करून सुरू केलं. स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू केलं. ओळ आहेच. घामाने हात ओले झाले म्हणून मागच्या मोरीत जाऊन धुतले. परत आलो तर स्क्रीन मोकळी होती.

योगायोग असेल म्हटलं. पण ते पुन्हा झालं, आणि पुन्हा. आणि प्रत्येक वेळी हात धुतल्यावरच जायचं. मी प्रयोग केले, माझा स्वभावच तसा. नुसतं मोरीपर्यंत जाऊन कोरड्या हातांनी परत आलो — ओळ तशीच. एकच हात धुतला — तशीच. दोन्ही धुतले, गेली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बसवलं — त्याला काहीही आलं नाही. मी त्याच खुर्चीत बसलो, आली. तो हसला. "तुमचा हात नको वाटतंय मशीनला," म्हणाला. त्याला काय माहीत तो काय बोलला ते.

पुढे आबांचं सेंटर बंद पडलं आणि मी स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं. लोकांच्या मशीनमध्ये शिरलेलं नको ते सॉफ्टवेअर काढणं हाच माझा मुख्य धंदा झाला. सातारा, कराड, वाई, पाचगणीच्या शाळांपर्यंत बोलावणी यायची. आणि मी लोकांची मशीनं साफ करायला बसलो की, रोज नाही पण मधूनच, ती ओळ यायची. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आली तेव्हा ते मागेच उभे होते. मोठ्याने हसले. "मशीन शहाणं आहे हो तुमचं. बेसिन तिकडे." मीही हसलो, गेलो, धुतले. आलो तर डॉक्टर स्क्रीनकडे बघत होते. "आत्ता गेलं. तुम्ही नळ बंद केलात आणि गेलं." ते हसत नव्हते. त्यांनी मला परत कधी बोलावलं नाही.

दशक संपता संपता इंटरनेट आलं. साताऱ्यात एका ओळखीच्याने कॅफे काढला, मशीनं मी लावून दिली. तोवर फ्लॉपीची भीती कमी होऊन दुसरंच सुरू झालं होतं — लोक समोर येईल त्याला यस करत जायचे, मग ब्राउझर उघडला की आपलं पान न येता भलतंच पान यायचं, आणि ते बदलून ठेवलं तरी पुन्हा तेच. तसली पानं मी काढून द्यायचो. सुरुवातीला काय काय चालतं त्या यादीतून अनोळखी नाव उडवायचं, ते सॉफ्टवेअर काढायचं, मग पहिलं पान पुन्हा नेमून द्यायचं, आणि लोकांना बजावायचं की न वाचता यस करू नका. दहा जणांचं निघायचं. माझ्या समोर मात्र एक काळं पान उघडायचं. पत्त्याची जागा रिकामी. इंटरनेट यायचं ती टेलिफोनची वायर काढून ठेवली तरी उघडायचं. मधोमध तीच ओळ.

त्यानंतर मी ठरवलं की सांगून टाकायचं. आटपाडीला शेळ्या-मेंढरांचा बाजार भरतो त्या दिवशी गेलो.

मारुती लगेच सापडला. मामाबरोबर होता, चार-पाच बकरी घेऊन. मी थोडा लांब उभा राहून बघत राहिलो. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. एक व्यापारी आला, बकऱ्याची पाठ चाचपली. मारुतीने खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. व्यापाऱ्याने दोन्ही हात मागे घेतले.

"तुजा हात नगं गड्या. मामाला म्हण, न्हाईतर तोंडानं बोल."

आजूबाजूचे हसले. कोणी म्हणालं, "आरं, त्येचा हात धरलास तर भाव न्हाई, रोग गावंल." मारुतीही थोडा हसला, आणि मामाने टॉवेल घेतला. हे रोजचं असावं.

मग त्याने मला पाहिलं. "सुहासराव? आवं, तुमी हिकडं कसं?"

त्याचे हात बरे झाले होते, म्हणजे जखमा भरल्या होत्या. बोटं अर्धवट वाकलेली, ताठ, कातडी चकचकीत. टाइप करणं सोडाच, शर्टाचं बटण लागलं नसतं त्यांनी. लग्न झालेलं नव्हतं. त्याने हॉटेलवाल्याला चहा सांगितला. हॉटेलवाल्याने मला कप दिला आणि त्याच्यासमोर वेगळा ठेवलेला ग्लास ठेवला.

"साताऱ्याचं बरं चाललंय न्हवं? खोली मोठी हाय का?"

"बरं आहे," मी म्हणालो. "मारुती, मी एक सांगायला आलोय..."

तेवढ्यात त्याची नजर माझ्या हातांवर गेली. धुऊन धुऊन माझीही कातडी पांढरी पडली होती, पेरांवर चिरा होत्या. तो बघतच राहिला. चिरा त्याने ओळखल्या.

"ह्ये कशानं?"

"धुवावे लागतात."

त्याचा चेहरा उतरला. आवाज खाली आणून म्हणाला, "येतंय का? त्येच?"

मी मान हलवली.

"आरारा..." तो डोकं धरून खालीच बसला. "माझ्यामुळं लागलं तुमाला. तुमी माझ्या मागनं त्याच बटनांवर बसायचा. रगत लागल्यालं व्हतं त्येला. मला तवाच कळाय पायजे हुतं." मग त्याने ते दोन हात जोडले. बोटं एकमेकांना पुरती भिडलीच नाहीत. "माफ करा सुहासराव. तुमच्यासारख्या चांगल्या मानसाला..."

मारुती, ते मी केलं होतं. एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. भोवती त्याची माणसं होती, काठ्या होत्या, मामा उभा होता. मी म्हणालो, "असू दे, असू दे." आणि पुढच्या एसटीने निघालो.

बरीच वर्षं मी स्वतःला पटवत आलो की त्याच्या भल्यासाठी गप्प बसलो. खरं कळलं असतं तर आपले हात फुकट गेले हे त्याला समजलं असतं, ते त्याने कसं सोसलं असतं... वगैरे. खोटं आहे. मी घाबरलो होतो. जसा तेव्हा दारात त्या म्हाताऱ्यासमोर, तसाच.

आता पन्नाशीला आलो. मशीनं बदलली, सिस्टिम बदलल्या, ओळ अधूनमधून येतेच. बायकोला वाटतं मला स्वच्छतेचं वेड आहे. मुलीने हाताला लावायला मलम आणून दिलंय. कोरं मशीन, काढलेली वायर, नसलेला प्रोग्रॅम — माझ्या धंद्यातल्या कोणत्याही नियमात हे बसत नाही. दोषी मन आहे, भास होतात, असं कोणी म्हणेल. पण झेरॉक्सवाल्याने पाहिलंय, डॉक्टरांनी पाहिलंय. हाताने मशीनला काही लागतं, हे खोटं मी एका माणसाबद्दल बोललो होतो. माझ्या बाबतीत ते खरं कसं झालं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला स्पष्टीकरण सुचलं तर लिहा, मी वाचीन. पण त्याने माझं काम होणार नाही.

मारुती अजून त्याच बाजारात येतो, मी चौकशी केली आहे. मामा गेला. आता टॉवेल धरायला कोणी नाही, भाव तोंडाने बोलावा लागतो आणि पडत्या भावाने बकरी जातात. मी त्याचं एक वाक्य देणं लागतो. ते त्या बाजारात, त्या व्यापाऱ्यांसमोर, त्याचा हात हातात धरून द्यायचं आहे — याच्या हाताला कधीच काही नव्हतं, ते सगळं मी केलं. ते मी अजून दिलेलं नाही.